पूर बापूच्या कुठवर आला?

मातीचं धरण बांधताना माती नेहमी कमी पडते, किस्से मात्र कधीच कमी पडत नाहीत! परवा ऑफिसात चहाच्या वेळी एक सांगायला घेतला, तर त्यातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा. चहा गार झाला, बिस्किटं संपली, अन् मागं वळून बघते तर आमचे मोठे साहेब दारात उभे राहून ऐकतायत. त्यांचाही त्यात रोल आहे, म्हणून बिचारे काही बोलले नाहीत.

आता धरण म्हणलं की तुम्ही लगेच जायकवाडी डोळ्यांसमोर आणू नका. वेरूळच्या अलीकडं फाट्यावरून आत टाकळदरी नावाचं गाव आहे, तिथल्या नाल्यावरचं हे एवढुसं मातीचं धरण. त्याला काम एकच. डोंगरावरून येणारा लोंढा अडवायचा अन् हळूहळू खाली सोडायचा, म्हणजे गावातल्या खालच्या आळीत पाणी शिरत नाही. मी त्या कामावरची ज्युनिअर इंजिनिअर. सिडकोत वाढलेली, स्कूटीवर फिरणारी, अन् नाकावर राग असलेली. हे मीच सांगून टाकते, नाहीतर टाकळदरीवाले सांगतातच.

*

पहिल्या दिवशी मी पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं, "गावात पूर किती येतो?"

"कमरेला येतो."

"कुणाच्या कमरेला?"

सगळे माझ्याकडं बघायलाच लागले. एवढी शिकलेली बाई अन् हे माहीत नाही! "कुणाच्या म्हंजे? बापूच्या!"

बापू हा गावातला सगळ्यात उंच माणूस, अन् त्याचं घर गावातलं सगळ्यात खालचं. विहाराच्या मागं, नाल्याला अगदी खेटून. पुराचं पहिलं पाणी बापूच्या दारात, त्यामुळं गावानं पुराचं मापच बापूवर लावून ठेवलेलं. गुडघ्याचा पूर, कमरेचा पूर, छातीचा पूर. बापूही सरकारी पट्टी असल्यासारखा ताठ उभा राहून मापं दाखवायचा.

मी टेप काढला अन् बापूला मोजायला लागले. तेवढ्यात एकजण म्हणाला, "पण छातीचा पूर आला ना, तवा बापू पाचवीला होता."

आली का पंचाईत! पाचवीतल्या बापूची छाती जमिनीपासून किती उंच, हे कळल्याशिवाय माझं गणित पुढं सरकेना. गावातले रिटायर गुरुजी शोधून काढले. गुरुजींनी बराच वेळ आठवलं अन् म्हणाले, "उंचीचं नाही सांगता यायचं. पण मागच्या बाकावर बसायचा."

माझं टाळकं सटकलं. म्हणलं, "अन् बापू जन्मायच्या आधी पूर येत नव्हता का?"

"येत होता की! तवा बापूचा बाप होता!"

*

बापूची बायको रुख्मिणबाई. तिच्या घरात पहिल्यांदा गेले अन् माझ्या डोक्याला पातेलं लागलं. वर बघते तर अख्खा संसार आढ्याला टांगलेला! ताटं, डबे, कळशी, मिक्सर, सगळं दोरीनं बांधून. पावसाळा लागायच्या आधी वर चढवायचं अन् दसऱ्याला खाली काढायचं, ही त्या आळीची रीतच. खाली फक्त चूल, तवा अन् एक परात. चार महिने नवरा-बायको त्याच परातीत जेवायचे.

"प्रेम लई हाय असं लोकांना वाटतं," रुख्मिणबाई म्हणाली. "ताट काढायचा कंटाळा, दुसरं काय!"

मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "म्याडम, तुमचं धरण टिकलं तर मी भांडी खाली काढीन. नाय टिकलं, तर तुमची स्कूटी वर टांगीन. दोरी हाय माझ्याकडं!"

बापू खो खो हसला. मीही हसले. रुख्मिणबाई हसली नाही. त्या दिवसापासून मला धरणाची काळजी लागली, अन् स्कूटीची पण.

पूर आला की खालची आळी वरच्या आळीत जायची. बापूचं बिऱ्हाड ठरलेलं, जिजीच्या ओसरीवर. जिजी म्हणजे वरच्या आळीतली म्हातारी शेतकरीण. जमीन भरपूर अन् जीभ त्याहून लांब. पुराच्या दिवशी मोठं पातेलंभर पिठलं करायची, भाकऱ्यांची चळत लावायची, अन् शिव्या देत देत सगळ्यांना पोटभर वाढायची. मात्र स्वतः खालच्या आळीत कधी उतरायची नाही. का? तर गुडघे दुखतात. शेतात जाताना, देवळात जाताना, बाजाराला जाताना गुडघे ठणठणीत असायचे. असो.

*

धरणाच्या कामाला आधी एक पक्का दगड रोवावा लागतो. त्याला बेंचमार्क म्हणतात, अन् धरणाची सगळी उंची त्या दगडापासून मोजतात. मी दगड रोवला, चुना लावला अन् घरी आले. दोन दिवसांनी जाऊन बघते तर दगडाला शेंदूर! समोर नारळ, वर पत्र्याचा आडोसा, अन् जिजी उदबत्ती ओवाळतेय.

"जिजी, हा देव नाही हो. आमचा मोजमापाचा दगड आहे."

"आधी समदे दगडच असत्यात, पोरी."

पुढं मापाची काठी त्या दगडावर ठेवायची वेळ आली, तर जिजी कडाडली, "देवाच्या डोक्यावर काठी? अन् ती बी चपला घालून?" झालं! तेव्हापासून रोज सकाळी मी चपला काढायची, हात धुवायची, तापल्या मुरमावर अनवाणी नाचत जायची अन् मग काठी टेकवायची. बापू लांबून मजा बघायचा. म्हणायचा, "म्याडम, आमचा त्या दगडावर इश्वास नाय बरं का. तुमच्या मोजणीवर हाय!"

एकदा मोठे साहेब पाहणीला आले. साहेब भाविक माणूस. शेंदूर दिसल्याबरोबर त्यांनी बूट काढले, हात जोडले, डोळे मिटले.

"कुठलं दैवत आहे हे?"

"बेंचमार्क, सर."

साहेबांनी डोळे उघडलेच नाहीत. हळूच विचारलं, "जागृत आहे का?"

"हो सर. एक मिलीमीटर हलत नाही!"

*

मातीचा प्रत्येक थर पाणी मारून दाबावा लागतो, तरच धरण पाणी धरतं. त्यासाठी आमच्याकडं रोलर होता, ज्याच्या लोखंडी पिंपाला मेंढीच्या पायासारखे खुंट असतात. पावसाळा तोंडावर आला, आभाळ भरून आलं, अन् नेमका तेव्हाच रोलर बंद पडला. चितेगावहून मेकॅनिक आला, त्यानं इंजिन खोललं, मान हलवली अन् जेवायला गेला. पार्ट यायला आठवडा! मी मातीच्या ढिगावर बसून रडायच्या बेतात होते.

बापू शेजारी येऊन बसला. "म्याडम, रोलरला मेंढीचे पाय हायेत ना?"

"आहेत."

"मग खऱ्या मेंढ्यांनी काय घोडं मारलंय?"

तासाभरात बापूच्या ओळखीच्या धनगराचा अख्खा कळप धरणावर! आता रोलरचे ऑपरेटर शब्बीरचाचा आडवे आले. आपल्या मशीनच्या जागी दुसऱ्याच कुणी काम करावं, हे त्यांना सहन होईना. त्यांनी धनगराच्या हातातली काठी काढून घेतली. "रोलर लोहे का हो या ऊन का, चलाऊंगा तो मैंच!" अन् खरंच, इकडून तिकडं, तिकडून इकडं, ओळी न मोडता त्यांनी मेंढ्या फिरवल्या. वळताना तोंडानं हॉर्नसुद्धा वाजवला! मी थराची टेस्ट घेतली तर पास! दुसऱ्यांदा घेतली, तरी पास!

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन. "रोलर चालू झाला का?"

"झाला, सर."

नेमक्या त्याच वेळी सगळ्या मेंढ्या एका सुरात ओरडल्या.

"आवाज कसला येतोय हो?"

"ऑइलिंग कमी पडलंय, सर."

*

धरण पुरं झालं. पाण्याचा अजून थेंब नाही, अन् गावात मारामारी सुरू! कशावरून? तर धरणातल्या माशांवरून. मासे वरच्या आळीचे की खालच्या आळीचे? वरची आळी म्हणे जमीन आमची गेली. खालची म्हणे पूर आमच्या घरात यायचा, मग मासे बी आमचेच! शब्दानं शब्द वाढला, कुणाची तरी बंडी फाटली, अन् जमादार आले.

"कुठंयत मासे?" जमादारांनी कोरड्या धरणात वाकून बघितलं.

"यायचेत अजून."

जमादारांनी टोपी नीट केली अन् गाडीला किक मारली. "मग आले की बोलवा. अन् तवा आधी तळा, मग भांडा!"

*

धरणात पाणी किती चढलं ते कळायला भिंतीवर मीटरचे आकडे रंगवतात. आम्हीही धरणाच्या आत उभ्या असलेल्या, पाणी सोडायच्या विहिरीच्या सिमेंटच्या भिंतीवर बाहेरून रंगवले. गाव बघून आलं अन् म्हणालं, "ह्यातलं आमाला काय बी कळत नाय. बापू काढा!"

म्हणलं ठीक आहे. शहरातून ट्रकवर चित्रं काढणारा पेंटर आणला. त्यानं आकड्यांच्या शेजारी, भिंतीच्या तळापासून टोकापर्यंत, एक राक्षसाएवढा बापू रंगवला! पांढरा पायजमा, पांढरी टोपी, झुपकेदार मिशा. हिशोब सोपा. पाणी मिशीला लागलं की सांडव्यातून जादा पाणी गावाच्या पलीकडच्या ओढ्यात जायला लागणार. पण टोपी बुडाली, तर पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहणार. अन् मातीच्या धरणावरून पाणी वाहिलं की धरण राहत नाही. म्हणजे टोपी बुडाली की खालच्या आळीनं पळायचं.

रुख्मिणबाई चित्र बघून म्हणाली, "घरातला एक आवरंना, त्यात हा दुसरा!"

बापू मात्र रोज सकाळी धरणावर जाऊन स्वतःकडं बघत बसायचा. एकदा मिशा बारीक करायला म्हणून कटिंगच्या दुकानात गेला, तर न्हाव्यानं वस्तराच खाली ठेवला. "आधी म्याडमला इचार. लेवल बदलंल!"

*

आता मोठ्या साहेबांचा रोल. पावसाळा सुरू झाला होता, ऑफिसात मीटिंग चालू होती, अन् धरणाच्या वॉचमनचा फोन आला. साहेबच म्हणाले, स्पीकरवर टाका.

"म्याडम, बापूच्या कमरेला पाणी लागलं!"

साहेब खुर्चीतून उठलेच. "अरे, मग त्या माणसाला बाहेर काढा आधी!"

"बाहेर कसा निघंल, साहेब? भिंतीवर हाय तो."

"भिंतीवर चढलाय तर कमरेला पाणी कसं?"

"पाय तळाला हायेत ना!"

साहेबांना घाम फुटला. मी मध्ये बोलायला गेले तर मलाच गप्प केलं. "घाबरतोय का तो? ओरडतोय का?"

"नाय, नाय. हसतोय!"

"अरे, दोर टाका कुणीतरी! त्याच्या घरच्यांना कळवा!"

"घरी कशाला? बापू इथंच हाय माझ्याजवळ. बोलता का?" अन् फोनवर खणखणीत आवाज आला, "जयभीम सायब! बापू बोलतोय. चहा घेऊन राहिलो."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मग बुडतंय कोण?"

"मीच!"

*

अन् मग तो दिवस आला. गणपती बसलेले. सकाळपासून डोंगरावर असा पाऊस कोसळत होता की डोंगर दिसेना. मी स्कूटी दामटत टाकळदरी गाठली. सगळं गाव धरणाच्या बाजूच्या टेकाडावर छत्र्या, पोती, प्लॅस्टिकचे कागद घेऊन उभं. पाणी बापूच्या छातीवर चढलं होतं.

वॉचमन ओरडून सांगत होता. "गळा!" थोड्या वेळानं, "हनुवटी!" बापू गर्दीत उभा राहून स्वतःला बुडताना बघत होता, अन् प्रत्येक वेळी स्वतःच्या गळ्याला, हनुवटीला हात लावत होता. कुणी हसलं नाही.

"मिशी!"

सांडवा सुटला. धो धो पाणी पलीकडच्या ओढ्यात जायला लागलं अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पाणी थांबेना. नाक बुडालं. डोळे बुडाले. सांडवा वाहायला लागल्यावरही पाणी थोडं चढतंच, हे मी पुस्तकात शिकले होते. पुस्तकात रुख्मिणबाई शेजारी उभी नसते. तिनं माझा दंड एवढा घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

"म्याडम, टोपी?"

"नाही बुडणार."

"नक्की?"

मला खरंच माहीत नव्हतं. त्या टोपीखाली अख्खी आळी होती. मी मनातल्या मनात मेंढ्यांना हात जोडले, शब्बीरचाचांना जोडले, त्या शेंदऱ्या दगडालाही जोडले.

पाणी कपाळाला आलं अन् तिथंच थांबलं. बराच वेळ सगळे टोपीच्या काठाकडं बघत राहिले. मग वॉचमन बारीक आवाजात म्हणाला, "भुवई." पाणी उतरायला लागलं होतं!

बापूनं डोक्यावरची भिजलेली टोपी काढली, पिळली, अन् परत घातली. म्हणाला, "चला, चहा घेऊ."

खालच्या आळीत आलो. पाऊस चालूच होता, पण घरात पाण्याचा थेंब नाही. आळी सगळी दारादारात उभी. एरवी या वेळेला माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन वर चाललेली असायची, आता करायला कुणाला काहीच काम नव्हतं. आम्ही बापूच्या घरात बसलो अन् चहाला आधण ठेवलं, तेवढ्यात बाहेरून आवाज.

"मेले का जिवंत हायेत सगळे?"

दारात जिजी! नखशिखान्त भिजलेली, हातात काठी. मागं तिची सून, डोक्यावर हे मोठं पातेलं अन् काखेत भाकऱ्यांचं गाठोडं.

"सकाळधरनं वाट बघून राहिले! पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, ओसरी झाडली, अन् तुमचा पत्ता नाय! पिठल्याचं काय खापर झालं बघा!"

रुख्मिणबाई गडबडली. "अवो जिजी, यंदा घर कोरडं हाय."

"मग? कोरड्या घरात भूक लागत नाय व्हय?"

अन् जिजी उंबरा ओलांडून आत आली. चुलीपाशी फतकल मारून बसली. गुडघ्यांचं कुणीच काही विचारलं नाही.

आता वाढायचं कशात? खाली एकच परात! रुख्मिणबाईनं क्षणभर जिजीकडं बघितलं, मग वर बघितलं. "अवो, ताटं काढा."

बापूला स्टूल लागत नाही. त्यानं नुसता हात वर केला अन् दोरी सोडली. ताटं आली, वाट्या आल्या, तांबे आले. मग काय, रुख्मिणबाईला चेवच चढला! डबे काढा, कळशी काढा, मिक्सर काढा! बापू काढतोय, ती पदरानं पुसून लावतेय, अन् डोळेही त्याच पदरानं पुसतेय. जिजी आपली बडबडतेय, "हळू रे मेल्या, माझ्या डोक्यात पाडशील!" पिठलं खरंच घट्ट झालं होतं. असं पिठलं मी आजपर्यंत खाल्लं नाही.

पावसानं फाट्याचा रस्ता बंद, म्हणून मी तिथंच अडकले. जिजी म्हणाली, "मी बी आता चढ चढत नाय, इथंच टेकते." बाजेवर जिजी, खाली सून, मी अन् रुख्मिणबाई, अन् उरलेल्या जागेत भांडी. आढ्यावरचा सगळा संसार खाली आल्यावर त्या घरात बापूला जागाच उरली नाही! तो दारातच आडवा झाला. डोकं आत, अन् पाय उंबऱ्याच्या बाहेर, पागोळ्यांखाली.

सकाळी मोठ्या साहेबांच्या फोननं जाग आली. साहेब रात्रभर झोपले नव्हते वाटतं. आवाज बसलेला.

"धरण?"

"टिकलं, सर!"

"अन् गाव? खालच्या आळीत कुणाला पाणी लागलं का?"

मी दाराकडं बघितलं. बापू घोरत होता.

"लागलं, सर. बापूच्या टाचेला."

मग साहेबांनी जपून विचारलं, "भिंतीवरच्या, की खऱ्या?"

"खऱ्या, सर!"